मूळचे आणि उपरे

शाकुंतलात माधवीचा मांडव आहे. संस्कृत कवींचे उपवन तिच्याशिवाय सहसा पुरे होत नाही. मराठीत तिला हळदवेल म्हणतात. कडेला झालर असलेल्या पांढऱ्या पाकळ्या, त्यांतल्या एकीवर हळदीचे बोट टेकवल्यासारखा पिवळा डाग, आणि सुवास. हिच्या फळाला तीन पंख असतात. वाऱ्यावर ते भिंगरीसारखे गरगरत लांब जाऊन पडते. आपल्याकडच्या रानात ही वेल आपल्या मापात राहते. तिच्याविषयी कोणाची तक्रार ऐकलेली नाही.

तीच माधवी जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवांच्या यादीत आहे. ही यादी आय.यू.सी.एन. या आंतरराष्ट्रीय निसर्गसंस्थेच्या तज्ज्ञांनी केलेली आहे. त्याच यादीत आपली साळुंकी आहे आणि आपले मुंगूसही आहे. मॉरिशस आणि शेजारच्या रियुनियन बेटावर माधवी रानात शिरली, मूळच्या झाडांवर चढली आणि त्यांचे ऊन अडवून त्यांना मारू लागली. ज्या वेलीखाली दुष्यंताने उसासे टाकले, तिची मुळे शोधत तिथे माणसे कोयते घेऊन फिरतात.

हे मला मॉरिशसला गेल्यावर कळले. बहुतेक लोक तिथे समुद्रासाठी जातात, आमच्या घरचेही त्यासाठीच आले होते. मला फोटोंचा नाद असल्यामुळे मी अधूनमधून किनारा सोडून डोंगराकडे पळत होतो. या लेखात प्रवासवर्णन नाही, ते आपल्या अंकात दरवर्षी दोन-तीन असतातच. तिथून मी एक प्रश्न घेऊन आलो, तो अजून माझ्याजवळ आहे, आणि आपल्यासारख्या देश सोडून आलेल्या माणसांनी तो जरा वेगळ्या तऱ्हेने विचारावा असे मला वाटते. एका जिवाला वाचवण्यासाठी दुसऱ्याला उपटून टाकणे, प्रसंगी ठार करणे, केवळ तो बाहेरून आला म्हणून योग्य ठरते का? आणि हे ठरवायला आपण कोण?

ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या तिथल्या राष्ट्रीय उद्यानात एखादा पाहुणा दिवसभर फिरला तर त्याच्या कॅमेऱ्यात काय काय येईल ते सांगतो. ऐटदार शिंगांचे सांबर येईल. ते जावा बेटावरून डचांनी १६३९ साली आणले. माकडे येतील, तीही आग्नेय आशियातून जहाजावरून उतरलेली. लाल टपोऱ्या पेरूंनी लगडलेली झुडपे येतील, ती ब्राझीलची. पंख्यासारखी पाने पसरलेले झाड येईल, ते मादागास्करचे. डोक्यावर तुरा असलेला शिपाई बुलबुल येईल, तो थेट आपल्याकडचा, १८९२ साली आलेला. साळुंक्या तर १८व्या शतकात टोळ खाण्यासाठी मुद्दाम आणल्या. अल्बम सुंदर होईल, त्यावर लोक 'वाहवा, काय निसर्ग आहे' म्हणतील, आणि त्या अल्बममध्ये मॉरिशसचे म्हणावे असे जवळजवळ काहीच नसेल. बेटावरच्या मूळच्या रानापैकी चांगल्या अवस्थेत उरलेला भाग दोन टक्क्यांहूनही कमी आहे.

जे उरले आहे ते फोटोत उठून दिसत नाही, ही खरी पंचाईत. वाढ खुंटल्यासारखी दिसणारी, राखाडी खोडाची, बारीक पानांची झाडे. शंभर वर्षांत मांडीएवढी जाड झालेली काळी एबनी शेजारच्या झुडपातून वेगळी काढायला सांगणारा माणूस लागतो. क्युरपिपच्या वनस्पती उद्यानात एक ताडाच्या जातीचे झाड आहे, हायोफोर्बी अमॅरिकॉलिस नावाचे. त्या जातीचे जगात माहीत असलेले ते एकुलते एक झाड. त्याची नरफुले आणि मादीफुले वेगवेगळ्या वेळी फुलतात, त्यामुळे स्वतःपासूनही त्याला संतती होणे अवघड. मी गेलो तेव्हा त्याच्याभोवती कुंपण होते. चहूबाजूंनी फोटो काढले. घरी येऊन पाहिले तर फोटोत एक किडकिडीत, जरा वाकलेले झाड आहे, सोसायटीच्या गेटजवळ असते तसे. त्याचे एकटेपण फोटोत येत नाही.

कॅमेरा जे आहे ते टिपतो. बेटाविषयी कळण्यासाठी काय नाही आणि काय जायच्या बेतात आहे ते माहीत असावे लागते. ती माहिती लेन्समधून आत येत नाही, ती आधी डोक्यात असावी लागते.

आता शब्दांविषयी. उद्यानातला माणूस समजावून सांगत होता, 'नेटिव्ह', 'एलियन', 'इन्व्हेसिव्ह'. पस्तीस वर्षे इंग्लंडात काढलेल्या माणसाच्या कानाला हे शब्द टोचतात.  पेपरातल्या वाचकांच्या पत्रांत 'इथे फार झाले हे लोक' असे वाचलेले आहे. त्यामुळे बाहेरून आलेली वेल, बाहेरून आलेला पक्षी यांना हाकलायचे असे कोणी म्हणाले की आपले मन आपोआप त्या वेलीच्या बाजूला जाऊन उभे राहते.

व्हाक्वाला आम्ही एका मराठी कुटुंबात जेवायला गेलो होतो. घरातले वयस्क गृहस्थ, त्यांना सगळे काकाच म्हणत होते, क्रिओल, फ्रेंच, भोजपुरी आणि शाळेत शिकलेली जपून वापरायची मराठी अशा चार भाषांत बोलत. त्यांचे पूर्वज कोकणातून ऊसमळ्यावर मजुरीला आले, एवढे त्यांना ठाऊक होते. गाव कोणते ते हरवले होते. दारात तुळस, मागे कढीपत्ता आणि बेलाचे झाड. मी त्यांना पेरूच्या झुडपांविषयी विचारले, कारण ती उपटणाऱ्या टोळ्या मी त्याच सकाळी पाहिल्या होत्या.

"अहो, आम्ही लहानपणी पिशव्या भरभरून ते पेरू आणायचो," काका म्हणाले. "मीठमिरची लावून खायचे. आता म्हणतात, ते वाईट झाड. बाहेरून आले. मग आम्ही कुठून आलो? या बेटावर बाहेरून न आलेला माणूस मला दाखवा."

दाखवता येणार नाही. मॉरिशसवर मूळचा माणूसच नव्हता. १५९८ साली डच उतरले, त्यांची वसाहत टिकली नाही. १७२१ पासून फ्रेंच स्थिरावले, त्यांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतले आणि १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावरचे मजूर येऊ लागले, त्यांत आपली मराठी माणसेही होती. तिथल्या माणसाला 'तू मूळचा नाहीस' म्हणण्याचा अधिकार दुसऱ्या कोणत्याच माणसाला नाही, आणि याबाबतीत ते बेट जगातल्या पुष्कळ देशांपेक्षा सुखी आहे असे मला वाटते.

काकांचे म्हणणे मला आवडले, पण पटले नाही. त्यांच्या घरी मी वाद घातला नाही, पाहुण्याने घालू नये. इथे घालतो.

माणसाचे स्थलांतर आणि पेरूचे पसरणे यांत साम्य फक्त शब्दाचे आहे. माणूस नव्या जागी भाषा शिकतो, कायदा पाळतो, शेजाऱ्याशी जुळवून घेतो, कमीजास्त केलेले त्याला सांगता येते आणि ऐकून तो बदलू शकतो. माणसे सगळी एकाच जातीची आहेत, जीवशास्त्राच्या अर्थाने. लंडनमध्ये मराठी माणूस आला म्हणून इंग्रज नावाची जात पृथ्वीवरून नाहीशी होत नाही. पेरूच्या दाट झुडपाखाली मात्र दुसरे काही उगवतच नाही, आणि जे उगवत नाही ते जगात दुसरीकडे कुठेही नसते. ज्यांना माणसांना हाकलायचे आहे ते झाडांची भाषा माणसांना लावतात. आपण त्यांच्यावर चिडून माणसांची भाषा झाडांना लावली तर घोटाळा तोच होतो, फक्त उलट बाजूने.

'बाहेरचा' हा गुन्हा नाही, हे तिथल्या निसर्गरक्षकांनाही मान्य आहे, याचा पुरावा मला इल ओ एग्रेत या छोट्या बेटावर दिसला. माहेबुर गावासमोर समुद्रात जेमतेम सव्वीस हेक्टरचे हे बेट. मॉरिशसची मूळची मोठी कासवे माणसांनी खाऊन संपवली. ती गेली तेव्हा त्यांच्यावर अवलंबून असलेली झाडे अडकली. एबनीची मोठी फळे गिळून बिया दूर नेऊन टाकणारे कोणी उरले नाही, फळे झाडाखालीच पडून राहू लागली. २००० साली तिथे सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटाच्या जातीची कासवे सोडली. म्हणजे परदेशी कासवे. ती फळे खातात, बिया चार पावले पुढे नेतात, आणि नवी एबनीची रोपे आईच्या सावलीपासून दूर उगवू लागली आहेत. मेलेल्या नातेवाइकाचे काम लांबच्या भावकीतल्याने येऊन उचलावे तसे. तेव्हा पासपोर्ट कोणता हा मुद्दा नाही. येऊन काय करतो हा मुद्दा आहे, आणि ज्याची जागा घेतली तो परत मिळणार आहे का, हा त्याहून मोठा.

इथवरचे सोपे आहे. झुडपे उपटण्याला मनातून विरोध करणारे थोडेच असतात. मी स्वतः इथल्या नदीकाठी दर उन्हाळ्यात स्वयंसेवकांबरोबर हिमालयन बाल्सम उपटायला जातो. ही १८३९ साली इंग्लंडात आलेली आपल्या तेरड्याची चुलत बहीण. कोकणात तेरड्याची गौर बसते आणि इथे तिच्या चुलत बहिणीला मुळासकट काढून चिखलात टाकायचे. पहिल्यांदा हात जरा अडखळतो, एवढेच. पण रक्त असलेल्या जिवांचे काय?

राउंड आयलंड हे मॉरिशसच्या उत्तरेचे निर्मनुष्य खडकाळ बेट. १९व्या शतकात तिथे बकऱ्या आणि ससे सोडले गेले. त्यांनी बेट खरवडून खाल्ले, माती समुद्रात वाहून गेली. तिथे दोन असे साप होते जे जगात दुसरीकडे उरले नव्हते. त्यांतला एक, जमिनीत बीळ करून राहणारा, १९७५ नंतर कोणी पाहिलेला नाही. बकऱ्या १९७९ पर्यंत आणि ससे १९८६ पर्यंत संपवले. संपवले म्हणजे मारले, गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. आज त्या बेटावर ताडाची रोपे वर येत आहेत, पाली आणि सरडे वाढले आहेत, आणि दुसरा साप जगला आहे.

सेशेल्समध्ये तर ज्यांना मारले ते आपले पोपट होते. तेच हिरवे, गळ्यात गुलाबी कंठ असलेले राघू, जे आज रिचमंडच्या पार्कात आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या मागच्या बागेत कलकलाट करतात आणि ज्यांना पाहून आपल्याला घरची आठवण येते. तिथल्या दुर्मीळ काळ्या पोपटाला त्यांच्यापासून धोका होता. २०१७ पर्यंत बंदुकीने ते माहे बेटावरून नाहीसे केले. मॉरिशसमध्ये मात्र हे पोपट १८८०च्या दशकापासून आहेत आणि आता इतके झाले आहेत की काढणे शक्य नाही. तिथला मूळचा एको पोपट दिसायला त्यांचाच भाऊ. १९८०च्या दशकात तो वीसहूनही कमी उरला होता. झाडांच्या ढोल्यांसाठी दोघांत मारामारी, आणि एकाला सगळे जग मोकळे, तर दुसऱ्याला हे एवढेच रान.

'जिवाला जीव सारखा' असे आपण लहानपणापासून ऐकतो. ज्या बकरीला गोळी लागली तिची वेदना, जगात बकऱ्या कोट्यवधी आहेत म्हणून तसूभरही कमी होत नाही. हे मी नाकारणार नाही, आणि जे नाकारतात त्यांच्याविषयी मला थोडी भीतीच वाटते. पण हात न लावणे म्हणजे निर्दोष राहणे, हा जो आपला समज आहे तो मला पटत नाही. बकरी पोहत त्या बेटावर आली नव्हती, तिला माणसाने होडीतून नेऊन सोडले. एकदा सोडल्यावर 'आता मी काही करणार नाही' म्हणणे हेही एक करणेच आहे. फक्त मरणारा साप आपल्याला दिसत नाही आणि मरणारी बकरी दिसते. दिसणाऱ्या मरणाची जबाबदारी टाळण्यासाठी न दिसणारे मरण पत्करणे याला मी अहिंसा म्हणणार नाही.

मग हवे ते मारायला मोकळीक झाली का? तशी ती होते, हे त्याच देशात दिसते. मॉरिशसमध्ये फळे खाणारे मोठे वटवाघूळ आहे. ते तिथले अगदी मूळचे, माणसाच्या कितीतरी आधीचे. रानातल्या झाडांच्या बिया तेच दूरवर पसरवते. पण ते लिची आणि आंबे खाते, आणि लिची चीनची व आंबा आपला. बागाईतदारांच्या आणि परसात एकदोन झाडे असलेल्या लोकांच्या तक्रारींवरून सरकारने २०१५ साली आणि त्यानंतरही काही वर्षे ही वटवाघळे हजारोंनी मारवली. त्यासाठी कायद्यातही सोय केली. २०१८ मध्ये आय.यू.सी.एन.ने या वटवाघळाला 'संकटग्रस्त' ठरवले. म्हणजे इथे उपऱ्या फळासाठी मूळच्या जिवाला मारले. गोळी तीच, कारण उलटे. झाडांवर जाळी टाकता येत होती, जाळीसाठी सरकारी मदतही होती.

राउंड आयलंडवरची बकरी आणि हे वटवाघूळ यांच्यात मी जो फरक करतो तो असा. पहिल्या ठिकाणी मारणे एकदा संपले, त्यानंतर तिथे पुन्हा बंदूक न्यावी लागली नाही, आणि त्याआधी दुसरा मार्ग नव्हता. दुसऱ्या ठिकाणी मारणे हा हंगामी कार्यक्रम झाला, फळांच्या मोसमाबरोबर येणारा. ज्या हिंसेला शेवट ठरवलेला नाही ती संरक्षण असते असे मला वाटत नाही, मग तिच्यावर शिक्का कोणाचाही असो.

माझ्या या मापात माकडे मात्र बसत नाहीत. गंगा तलावावर आपण भक्तिभावाने जातो. तिथे माकडे येऊन हातातली केळी घेतात, लहान मुले टाळ्या वाजवतात. हनुमानाचे रूप म्हणून बायका हात जोडतात. हीच माकडे रानात गुलाबी कबुतराची अंडी खातात. १९९१ च्या सुमारास ही कबुतरे रानात दहाच्या आसपास उरली होती. आज पाचशेच्या घरात आहेत ती माणसांनी पिंजऱ्यात वाढवून, पाळत ठेवून, दाणे घालून जगवली म्हणून. माकडे पकडून परदेशी प्रयोगशाळांना विकण्याचा तिथे मोठा धंदा आहे, आणि त्यातून बेटावरची माकडे कमी होतात, हेही खरे. हे बरे की वाईट? कबुतराच्या बाजूने पाहिले तर एक उत्तर येते, पिंजऱ्यातल्या माकडाच्या डोळ्यांत पाहिले तर दुसरे. मला या प्रश्नाचे उत्तर देता आलेले नाही. केळी मात्र देऊ नयेत, एवढे नक्की सांगतो.

कोणाला वाटेल, इतकी उलाढाल कशासाठी? गेलेले जाऊ द्यावे. डोडो गेला, जग थांबले का? हे विचारणारे १९७०च्या दशकातही होते. १९७४ साली मॉरिशसचा केस्ट्रल, म्हणजे छोटा ससाणा, जगात चार उरल्याचे माहीत होते. रान तुटले, आणि मलेरियासाठी फवारलेल्या डी.डी.टी.ने अंडी निकामी केली. १९७९ मध्ये कार्ल जोन्स नावाचा वेल्समधला पंचविशीचा तरुण तिथे गेला, त्याला खरे तर काम गुंडाळायला पाठवले होते. त्याने गुंडाळले नाही. घरट्यातली पहिली अंडी काढून घेतली की पक्षीण पुन्हा घालते, हे ओळखून त्याने कड्यांवर चढून अंडी आणली, उबवली, पिल्ले हाताने वाढवली. आज केस्ट्रल काहीशे आहेत. गोष्ट गोड झाली असे समजू नका. संख्या पुन्हा घटली आणि २०१४ मध्ये तो पुन्हा 'संकटग्रस्त' यादीत गेला. हे काम एकदा करून हात झटकण्यासारखे नाही, म्हाताऱ्या आईवडिलांच्या सेवेसारखे आहे.

आता पुन्हा कॅमेऱ्याकडे येतो, कारण आपल्या मंडळात फोटोवाले पुष्कळ झाले आहेत आणि हा भाग त्यांच्यासाठी आहे.

मॉरिशसच्या पूर्वेला रॉड्रिग्ज नावाचे लहान बेट आहे, त्याच देशाचे. तिथे काफे मारों नावाचे, कॉफीच्या कुळातले, पांढऱ्या चांदणीसारख्या फुलांचे झुडूप होते. ते कायमचे गेले असे सगळे धरून चालले होते. १९८०च्या सुमारास एका शिक्षकाने वर्गात मुलांना त्याचे जुने, १९व्या शतकातले चित्र दाखवले. एक मुलगा म्हणाला, हे आमच्या घराजवळ आहे. आणि खरोखर रस्त्याच्या कडेला ते उभे होते. एकच झाड. एका चित्राने एक जात परत आणली! चित्रांच्या बाजूने याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

पण गोष्ट पुढे आहे. बातमी पसरली आणि लोक येऊ लागले. इतके दुर्मीळ आहे तर औषधी असणारच, म्हणून कोणी फांदी तोडली, कोणी साल काढली. कुंपण घातले, ते ओलांडले, मग दुसरे घातले. ज्या झाडाकडे कोणाचे लक्ष नव्हते तोवर ते सुखरूप होते. १९८६ मध्ये त्याच्या फांद्या विमानाने क्यूला आल्या. तिथे रोपे जगली, फुलली, पण बी धरेना. २००३ साली कार्लोस मॅग्डालेना या माळ्याने हरतऱ्हेचे प्रयोग करून अखेर त्याला बी धरायला लावले, आणि नंतर रोपे रॉड्रिग्जला परत गेली. आपल्यापैकी अनेकजण मुलांना घेऊन क्यूला जातात. पुढच्या वेळी गेलात तर ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.

याच्या उलट रीत यॉर्कशायरमध्ये आहे. लेडीज स्लिपर नावाचे, पिवळ्या जोड्याच्या आकाराचे ऑर्किड ब्रिटनमधून १९१७ मध्ये नामशेष झाले असे जाहीर केले होते. १९३० साली त्याचे एक रोप सापडले. ज्यांना सापडले त्यांनी तोंड मिटून घेतले. कित्येक दशके ते ठिकाण मोजक्या माणसांनाच ठाऊक होते, आणि फुलाच्या दिवसांत तिथे पहारा बसे. आज त्या रोपाच्या बियांपासून वाढवलेली रोपे दुसरीकडे लोकांना पाहायला मिळतात, मूळ रोप मात्र कुठे आहे ते सांगत नाहीत. पुष्कळांना हा उमरावी उद्धटपणा वाटतो. निसर्ग काही मोजक्यांच्या मालकीचा आहे का, असे विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण सगळ्यांनी पाहायचे म्हटले तर पाहायला काही उरणार नाही, अशा वस्तू जगात आहेत, आणि तिथे लोकशाहीचा नियम लावता येत नाही.

साताऱ्याजवळचे कासचे पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटातले. ते एका अर्थी बेटच आहे. कातळावर इंचभर मातीत, चहूबाजूंनी वेगळ्या रानाने वेढलेले. तिथली कित्येक फुले सह्याद्रीच्या सड्यांखेरीज कुठे नाहीत. त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत झळकले आणि गर्दी लोटली. फुलांमध्ये बसून, लोळून फोटो काढणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. रोजची संख्या ठरवावी लागली, तिकीट लावावे लागले. पहिले फोटो काढणाऱ्यांनी ते प्रेमानेच काढले होते, याबद्दल मला शंका नाही.

म्हणून फोटो काढूच नयेत असे मी म्हणत नाही. चित्र नसते तर त्या मुलाला झाड ओळखू आले नसते. २०२० साली वाकाशिओ नावाचे जहाज मॉरिशसच्या खडकावर चढले आणि सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले, तेव्हा इल ओ एग्रेतवरची रोपे घाईने हलवली गेली. किनाऱ्यावर हजारो लोक उसाची पाने कापडात शिवून तेल अडवायला उभे राहिले. त्यांत काकांच्या घरची मुलेही होती, असे नंतर फोनवर कळले. ज्या बेटावर आपण मूळचे नाही असे काका म्हणत होते, त्या बेटासाठी त्यांची नातवंडे तीन दिवस काळ्या तेलात उभी राहिली. मी काकांना पेरूविषयी पुन्हा काही विचारले नाही.

आमच्या फोटो ग्रुपमध्ये आता काही गोष्टी ठरल्या आहेत, कोणी लादल्या नाहीत. घरट्यावर फोटो नाही. फुलाच्या आड येणारे गवत मोडायचे नाही, त्या गवतातही कोणाचे तरी बिऱ्हाड असते. काय आहे ते ओळखल्याशिवाय फोटोखाली नाव घालायचे नाही, आणि जीव उपरा असेल तर तसे लिहायचे, तो कितीही देखणा असला तरी. फोनमध्ये आपोआप नोंदली जाणारी जागा फोटो पाठवण्याआधी काढून टाकायची. या शेवटच्या गोष्टीवर आमच्यात वाद झाला. एक जण म्हणाले, मग अभ्यासकांना कसे कळणार? त्यावर तोडगा असा निघाला की दुर्मीळ काही दिसले तर जागा फक्त तिथल्या संस्थेला कळवायची.

संपादकांनी या लेखासोबत चार फोटो मागितले, ते दिले आहेत. पहिला लाल पेरूंचा आहे, रंगीत छापला तर छान दिसेल. दुसरा गंगा तलावावरच्या माकडाचा. तिसरा क्युरपिपच्या त्या ताडाचा, तो उद्यानातच असल्यामुळे जागा लपवण्यात अर्थ नाही. चौथ्यात एका झुडपाच्या लाल फुलावर हिरवी पाल मध प्यायला आली आहे. तिच्या डोक्याला पराग लागलेले दिसतात. पाली फुलांचे परागीभवन करतात हे मला साठी उलटल्यावर कळले. हा फोटो कुठला, ते संपादकांनी दोनदा विचारले. खाली फक्त 'मॉरिशस' छापावे असे मी त्यांना कळवले आहे.